उजेड वर्ज्य

डॉक्टर काझींनी फोनवर काहीच सांगितलं नाही, तेव्हाच मयूरीने ओळखलं, काहीतरी बिघडलंय. एरवी त्या सगळं फोनवरच उरकायच्या. या वेळी म्हणाल्या, "उद्या नागपूरला या. दोघंही या." आणि फोन ठेवता ठेवता, "मयूरी, येताना पोटावर ऊन येऊ देऊ नका."

तिला आठवा महिना चालू होता. एप्रिलातलं अकोल्याचं ऊन. उन्हात फिरू नको असं इथे जो तो सांगतो, त्यात नवल नाही. पण पोटावर ऊन येऊ देऊ नका, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मयूरी गावंडे बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. लग्नाला सात वर्षं झालेली. एकदा दिवस राहिले, ते टिकले नाहीत. दुसऱ्यांदा राहिले आणि चौथ्याच महिन्यात डाव्या स्तनात गाठ लागली. गाठ वाईट जातीची होती, भराभर वाढणारी. नेहमीची केमो द्यावी तर औषध अंगभर फिरणार, बाळाची हमी कोणी देईना. बाळंतपणापर्यंत थांबावं तर गाठ थांबणारी नव्हती. तिचा नवरा स्वप्नील तेव्हा सरळच म्हणाला होता, "मूल पुन्हा होईल. मला तू पाहिजेस." मयूरीला दोन्ही पाहिजे होतं, आणि डॉक्टर काझींकडे दोन्ही देणारा उपचार होता.

त्यांनी तो टॉर्च घेऊन समजावला होता. टॉर्च तिच्या तळहाताखाली धरली तशी बोटांच्या कडा लालभडक दिसायला लागल्या. "बाकीचे रंग मांसात अडकतात, लाल तेवढा पार होतो," त्या म्हणाल्या. "आणि लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहून खोल जातो." मग कणांबद्दल सांगितलं. रक्तपेशीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा चरबीचा फुगा, आत औषध, वरून सोन्याची विरळ जाळी. अवरक्त किंवा गडद लाल प्रकाश पडला की सोनं तापतं, चरबी वितळते आणि औषध बाहेर पडतं. प्रकाश नसला तर फुगा बंदच. कण सुईवाटे रक्तात सोडायचे, ते अंगभर फिरणार. पण दिवा धरायचा तो फक्त गाठीवर. जिथे दिवा, तिथेच औषध. उरलेसुरले कण यकृत हळूहळू पित्तातून बाहेर टाकतं.

"आणि बाळ?" मयूरीने विचारलं होतं.

"कण वारेतून पलीकडे बाळाकडे जात नाहीत. एखाददुसरा गेलाच, तरी आत अंधार आहे. गर्भाशयाइतकी सुरक्षित जागा कुठलीच नाही."

सहा वेळा ती त्या दिव्याखाली निजली. लिंबाएवढी गाठ वाटाण्यावर आली. केस गेले नाहीत, उलटी झाली नाही. बाळ आत लाथा मारत राहिलं. सासूबाई, रंजनाताई, शेजारणींना सांगत सुटल्या होत्या की आमच्या सुनेचा आजार दिव्याने पळवला.

दुसऱ्या दिवशी नागपूरला डॉक्टर काझींच्या खोलीत गेले, तर पडदे ओढलेले. त्या टेबलामागून उठून मयूरीशेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. डॉक्टर शेजारी येऊन बसतात तेव्हा बातमी कशी असते, हे मयूरीला आता ठाऊक झालं होतं.

"दुसऱ्या एका शहरात हाच उपचार घेतलेली बाई बाळंत झाली," त्या म्हणाल्या. "बाळ छान होतं, रडलं. नवजात बाळाला ठेवतात तसं त्याला ऊब द्यायला दिव्याखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं."

स्वप्नीलने मयूरीचा हात धरला. तिला तो नको होता, पण तिने सोडवला नाही.

"त्याच्या यकृतात आमचं औषध सापडलं. वार शेवटच्या महिन्यांत पातळ होते, तेव्हा कण गेले असणार. आम्हाला हे कळलं नव्हतं. आज तुमचा एमआरआय करू. कणांत थोडं लोह असतं, ते त्यात दिसतं. त्यात प्रकाश नसतो, भीती नाही."

एमआरआयच्या पडद्यावर बाळ दिसलं, करडं, गुडघे पोटाशी घेतलेलं. एक हात कानापाशी. मयूरीने ते रूप एरवी कितीतरी वेळ पाहिलं असतं. पण तिचे डोळे बाळाच्या बरगड्यांखाली गेले. तिथे मोहरी सांडावी तसे काळे ठिपके होते.

"किती आहेत?"

"मोजता येत नाहीत. सगळे एकदम उघडले तर बाळाला सोसणार नाही, एवढं सांगते."

"जाणार कधी?"

"जन्मल्यावर. दूध पचायला लागलं, पित्त वाहायला लागलं की जातील. दोन महिने, तीन महिने."

"तोवर?"

"तोवर उजेड नाही."

मग त्या एकेक सांगत गेल्या आणि खोलीतली हवा कमी कमी होत गेली. ऊन नाही. बल्ब नाही, साधी पांढरी ट्यूबही नाही, तिच्यातही लाल असतो. ऊब देणारा दिवा नाही. ऑक्सिजन मोजायला पायाला चिमटा लावतात तो नाही, कारण तो लाल आणि अवरक्त उजेडानेच मोजतो. चेहरा ओळखून उघडणारे फोन चेहऱ्यावर अवरक्त ठिपके मारतात, तेही नाहीत. अंधारात पाहणारे कॅमेरे नाहीत.

स्वप्नीलचं कॅमेऱ्यांचंच दुकान होतं. अकोल्यातल्या कितीतरी गल्ल्यांत त्याने लावलेले कॅमेरे रात्रभर न दिसणारा उजेड ओतत होते. तो म्हणाला, "मॅडम, फोनचा उजेड तो केवढा! किती उजेडाने कण उघडतो?"

"मोठ्या माणसाचा आकडा माझ्याकडे आहे," डॉक्टर काझी म्हणाल्या. "नवजात बाळाची कातडी इतकी पातळ असते की तो आकडा उपयोगाचा नाही. बाळाचा आकडा कोणाकडेच नाही."

"हिरवा चालेल?" मयूरीने विचारलं. प्रयोगशाळेत अंधारात रुजणारं बी तपासताना ती हिरवा दिवाच वापरायची.

"चालेल. शुद्ध हिरवा. बाळंतपणही त्यातच करू."

परतीची अर्धी वाट सरली. मग स्वप्नील समोर बघत म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं." एवढंच. गाडीच्या काचांना त्याने येतानाच काळं कापड लावलं होतं, आत गुदमरायला होत होतं. मयूरीने ओढणीच्या चार घड्या करून पोटावर धरल्या होत्या, अकोला येईपर्यंत.

घराच्या मधल्या खोलीला एकच खिडकी होती. स्वप्नीलने ती पत्र्याने बुजवली, वरून कागद चिकटवला. दाराशी हातभर अंतराने दोन जाड काळे पडदे लावले, म्हणजे बाहेरचा सारून मधे उभं राहायचं आणि मगच आतला उघडायचा. गल्लीतले कॅमेरे त्याने स्वतः शिडीवर चढून काढले. लोक कुरकुरले. टीव्ही, रिमोट, दारावरची बेल, सगळं माळ्यावर गेलं.

प्रश्न आला देवघराचा. तिथला नंदादीप रंजनाताई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून तेवत होता.

"दिव्याच्या ज्योतीत सगळ्यात जास्त असतो, आई," मयूरी म्हणाली. "न दिसणारा. दिसतो त्याहून किती तरी पट."

"देवघर तिकडे आहे व माय. मधे भिंत आहे."

"मला भीती वाटते."

"पाचवीलेही दिवा नाही?"

"नाही."

"लेकराले ओवाळायचं नाही?"

"नाही, आई."

रंजनाताई उठल्या. देवघरात जाऊन पदराच्या वाऱ्याने ज्योत विझवली. त्या दिवशी जेवल्या नाहीत. मयूरीला वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की काड्यापेटी कुठे ठेवली असेल?

मेच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला शस्त्रक्रियेने बाळंतपण झालं. सगळी खोली हिरवी. माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. मयूरीचं कमरेखालचं अंग बधिर होतं, पण ती जागी होती. तिने मान वळवली तेव्हा डॉक्टरांच्या हातमोज्यांवर काळं काळं काहीतरी दिसलं. ते आपलं रक्त आहे हे कळायला तिला क्षणभर लागला.

बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही.

लहान मुलांचे डॉक्टर टेंभुर्णे त्याला घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले. तिथे एकही यंत्र लागलेलं नव्हतं. ते वाकून स्टेथोस्कोप लावून ऐकत होते, दोन बोटांनी पाठ चोळत होते. नर्सने विचारलं, "सर, रंग?" डॉक्टर टेंभुर्णे म्हणाले, "कसला रंग पाहू या उजेडात?" मयूरीने ते ऐकलं. बाळ निळं पडलं असलं तरी इथे कोणालाच कळणार नव्हतं.

मग एक बारीक, चिडका आवाज आला. मुलगी होती. तिला पुसून मयूरीच्या छातीवर ठेवलं, वरून शाल घातली. ऊब द्यायला आता तेवढंच होतं, आईचं अंग. मयूरीच्या रक्तातही कण होते म्हणून अंगावर पाजायचं नव्हतं. बाळ तोंडाने शोधत होतं आणि मयूरी तिचं डोकं हळूच बाजूला करत होती.

तीन दिवस मयूरीने डोळ्यात तेल घालून तिला पाहिलं. नाक स्वप्नीलचं, कपाळ आपलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर टेंभुर्ण्यांनी टाचेतून रक्त घेतलं, आणि तासाभराने ते डॉक्टर काझींना सोबत घेऊनच आले.

"कावीळ आहे," ते म्हणाले. "जोरात वाढते आहे."

मयूरीने बाळाकडे पाहिलं. हिरवट, शांत झोपलेलं. एवढ्या जवळून पाहूनही तिला पिवळेपणा दिसला नव्हता. दिसणारच नव्हता.

कावीळ पुष्कळ बाळांना होते आणि त्यांना निळ्या दिव्याखाली ठेवलं की ओसरते. नाही ठेवलं तर ती मेंदूत उतरू शकते. दुसरा उपाय म्हणजे सगळं रक्त बदलायचं. "त्याला मला नीट उजेड लागेल," डॉक्टर टेंभुर्णे म्हणाले. "नाळेच्या शिरेत नळी घालायची असते. हिरव्यात रक्त काळं दिसतं, मी चुकलो तर दुरुस्त करायला वेळ मिळणार नाही."

"निळ्या उजेडात लाल नसतो ना?" मयूरीने विचारलं.

उत्तर डॉक्टर काझींनी दिलं. "नसतो. आणि निळा कातडीच्या फार आत जात नाही, यकृतापर्यंत तर नाहीच. वरून कापडाच्या घड्या ठेवू. पण सोनं निळा उजेडही थोडा शोषतं. यकृतातले कण सुरक्षित राहतील. रक्तात अजून काही फिरत असतील, तर ते कातडीखालून जाताना..." त्या थांबल्या. "दर थोड्या वेळाने रक्तात औषध उतरतंय का ते तपासू."

"नको," स्वप्नील म्हणाला. "एक बाळ उजेडानेच गेलंय. पुन्हा उजेड नको."

"मग मेंदूत गेली तर?"

"मयूरी, तेव्हा तू माझं ऐकलं नाहीस. आता ऐक."

"तेव्हा तुझं ऐकलं असतं तर ही असतीच कुठे?"

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मयूरी डॉक्टरांना म्हणाली, "लावा."

बाळाच्या डोळ्यांवर पट्टी, पोटाच्या उजव्या बाजूला कापडाच्या घड्या. दिवा लागला तसं बाळ थंड निळ्या उजेडात बुडालं. मयूरीने तिचं पाऊल चिमटीत धरलं. पहिल्या तपासणीत औषध नव्हतं. कावीळ मात्र अजून चढतच होती. दुसऱ्या तपासणीत औषधाचा लवलेश आला.

"बंद करा!" स्वप्नील म्हणाला.

डॉक्टर टेंभुर्ण्यांनी मयूरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजून नको."

तिसऱ्या खेपेला औषध थोडं वाढलेलं, कावीळ जागच्या जागी. चिमटीतलं पाऊल गार झालंय की आपलीच बोटं, हे मयूरीला समजेना. आता बंद केला तर कावीळ पुन्हा चढेल. चालू ठेवला तर आपणच हिला विष पाजतोय, थेंबाथेंबाने, समोर बसून. ती काहीच बोलली नाही आणि दिवा चालू राहिला. चौथ्या खेपेला कावीळ उतरायला लागली होती. निकाल सांगणाऱ्या नर्सचं वाक्य पुरं व्हायच्या आत मयूरी ओरडली, "बंद करा!"

जेवढं औषध सुटलं होतं तेवढ्यानेही बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या, तोंड आतून सोलवटलं. आठवडाभर ती चमच्याने दूध प्यायची आणि प्रत्येक घोटाला कण्हायची. मग हळूहळू सावरली. स्वप्नील रोज यायचा, बाळाला हात लावायचा, मयूरीशी कामापुरतं बोलायचा.

घरी आल्यावर मयूरी मधल्या खोलीत गेली आणि जणू तिथलीच झाली. हिरवा दिवा, कूलरची घरघर, आणि दोघी. पहिले काही दिवस स्वप्नील आत येऊन बसायचा. एकदा तो दोन्ही पडदे ओलांडून आत आला आणि त्याच्या खिशात फोन वाजला. विसरूनच राहिला होता. सवयीने त्याने फोन काढला, स्क्रीन उजळला, फोनने त्याचा चेहरा शोधला. बाळ त्याच्या पुढ्यात होतं.

मयूरीने बाळावर अंग टाकलं. मग उठून तिने त्याला दोन्ही हातांनी ढकलत पडद्याबाहेर काढलं. "मारायचं होतं का तिला?" ती किंचाळली. "तुला नकोच होती ना ती? पहिल्यापासून नको होती!"

पडद्यापलीकडे फोन बंद केल्याचा आवाज आला. मग पावलं दूर गेली.

रक्त तपासलं, काही निघालं नाही. पण त्यानंतर त्याला आत यायची मनाई झाली. रंजनाताईंनाही. दुधाची बाटली दोन पडद्यांच्या मधल्या जागेत ठेवायची, खाकरायचं आणि निघून जायचं. स्वतःच्या उपचाराची तारीख आली, गेली. मयूरीने पुढची मागितली. तीही गेली. डॉक्टर काझींचे फोन स्वप्नीलला यायला लागले. तो पडद्याबाहेर उभा राहून सांगायचा. आतून उत्तर यायचं, "हिला सोडून कशी जाऊ?"

एकदा अंघोळ करताना तिच्या डाव्या काखेत तुरीच्या दाण्याएवढं काही हाताला लागलं. ती तिथेच ओलेत्याने बसून राहिली. ज्या उजेडापासून मुलीला लपवायचं, तोच उजेड तिला स्वतःला पाहिजे होता. तिने कोणाला सांगितलं नाही. चार-पाच दिवसांनी बाटली घेताना मात्र तिने उजवाच हात पुढे केला, डावा अंगाशी धरलेला. रंजनाताईंनी बाटली सोडली नाही.

"हात काऊन धरून रायली?"

"काही नाही, आई."

"गाठ आली का पुन्हा?"

मयूरीने डावा हात आणखी घट्ट दाबून धरला. रंजनाताई न विचारता आतला पडदा सारून आल्या आणि जमिनीवर बसल्या. कित्येक दिवसांनी त्या खोलीत तिसरं माणूस आलं होतं.

"नागपूरले जा. एका दिवसाचं तं काम आहे. मी बसते हिच्यापाशी."

"नको."

"तुले वाटते, मी काडी पेटवीन?"

मयूरीने खाली पाहिलं. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं.

रंजनाताईंनी बाटली तिच्यासमोर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "वाटू दे. पण एकटीनं पोर मोठं करणं काय असते ते मले माहीत आहे. स्वप्नीलचे बाबा गेले तं मी होती. हिची आई गेली तं कोण? मी किती दिवस पुरणार?"

निघायच्या दिवशी पहाटे रंजनाताई रिकाम्या हातांनी खोलीत गेल्या. दूध, उकळलेलं पाणी, कपडे, सगळं आत होतं. मोरीही आतच होती. बाळ त्यांच्या मांडीवर चुळबुळलं आणि पुन्हा झोपलं. स्वप्नील गाडी काढायला बाहेर गेला. मयूरी दोन्ही पडदे ओढून खोलीचं दार लोटून उभी राहिली. ती तशीच निघाली असती. पण शेजारीण आली तर? कोणी टॉर्च घेऊन डोकावलं तर? आणि देव्हाऱ्यातली ती काड्यापेटी? तिने मुख्य दाराचं जादा कुलूप घेतलं, खोलीला घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. स्वप्नीलला बोलली नाही.

नागपूरला ती दिव्याखाली निजली. छातीत आणि काखेत ती ओळखीची ऊब पसरली. डॉक्टर काझी म्हणाल्या, "वेळेत आलात. पण पुढची तारीख चुकवू नका." मयूरीने मान हलवली. तिला घरी जायचं होतं.

ती दोघं अकोल्यात शिरली तेव्हा सूर्य मावळला होता. मृग लागून आठवडा झाला तरी पावसाचा पत्ता नव्हता, वाऱ्याला भट्टीची धग होती. गल्लीत शिरताच काहीतरी वेगळं जाणवलं. लोक बाजा टाकून रस्त्यावर बसले होते. एकाही घरातून कूलरचा आवाज येत नव्हता.

"लाईन सकाळी दहालाच गेली," शेजारच्या वाकोडेकाकू म्हणाल्या. "डीपी जळली म्हणतात. बरं झालं तुम्ही सगळे नागपूरले गेलते."

"सगळे?" स्वप्नील म्हणाला. "आई आहे घरात."

"दार वाजवलं की मी. आवाजच नाही आला."

मयूरी धावत सुटली. स्वप्नील तिच्यामागे. खोलीच्या दारावर कुलूप पाहून तो जागीच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर तिला सहन झाली नाही. पर्समध्ये किल्ली सापडेना. तिने पर्स जमिनीवर उलटी केली. पत्र्याने बुजवलेली खोली, पंचेचाळीस अंशांचा दिवस, महिना-सव्वा महिन्याचं बाळ, सत्तरीला टेकलेली बाई. दार वाजवून वाजवून रंजनाताईंचे हात सुजले असतील. की वाजवायचंही राहिलं असेल?

कुलूप निघालं. अशाही वेळी तिने स्वप्नीलला मागे ठेवून आपल्यामागे दार लावलं, पहिला पडदा ओढला, मग दुसरा सारला. आत मिट्ट काळोख आणि ओल्या कापडाचा वास. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख.

"आई?"

तिने अंधारात हात पुढे केला.

"आई!"

मग तिला ऐकू आलं. फट्, फट्, फट्. काहीतरी हवेत हलत होतं, एका लयीत, अगदी जमिनीलगत.

"हळू बोल," रंजनाताईंचा घोगरा आवाज आला. "आत्ता डोळा लागला तिचा."

मयूरी रांगत गेली. फरशी ओली होती. तिच्या हाताला ओलं लुगडं लागलं, त्यावर बाळाचं उघडं पोट, वर-खाली होणारं. गार. मग रंजनाताईंचा हात लागला. त्यांनी दुधाच्या डब्याचा पुठ्ठा फाडून घेतला होता आणि त्याने वारा घालत होत्या. सकाळपासून. मयूरीने पुठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला तरी तो हात तसाच, रिकामाच, हलत राहिला.

"आई, मी कुलूप..."

"समजलं मले. दार उघडाले गेली तेव्हा समजलं." रंजनाताई दमल्या आवाजात म्हणाल्या. "बरं केलं. काकू हाका मारून रायली होती, मी मुद्दाम ओ दिली नाही. पण दुपारी ही तापली, तेव्हा मी उठली दाराकडे. कुलूप नसतं तं मी उघडलं असतं. ऊन पार या दारापर्यंत येते त्या वेळेला."

मयूरीने त्यांचा हलणारा हात दोन्ही हातांत धरला आणि तो थांबेपर्यंत धरून ठेवला. मग ती पडद्याशी गेली, म्हणाली, "स्वप्नील, फोन बाहेर ठेव आणि आत ये. आईंना पाणी आण."

तो आला. अंधारात त्याने आधी आईला पाणी पाजलं, मग चाचपडत बाळाच्या पायाला हात लावला. मग तिथेच भिंतीला टेकून बसला, बाहेर गेला नाही. लाईन येईपर्यंत तिघं आळीपाळीने वारा घालत बसली.

श्रावणात पुन्हा एमआरआय झाला. काळे ठिपके नव्हते. "नाहीत?" मयूरीने विचारलं. "दिसत नाहीत," डॉक्टर काझी म्हणाल्या. "याहून जास्त मी सांगू शकत नाही. पण आता तिला उजेडात न्या. हाडांना ऊन लागतं, डोळ्यांना रंग लागतात."

दोन दिवस कोणी पडद्याला हात लावला नाही. तिसऱ्या सकाळी, ढगाळ हवा असताना, मयूरी बाळाला घेऊन पडद्याआड उभी राहिली आणि स्वप्नीलला म्हणाली, "तू सार." त्याने दोन्ही पडदे सारले. तिघं बाहेरची खोली ओलांडून अंगणात आली, मागून रंजनाताई, तेव्हा ढग नेमके सरकले.

बाळाने डोळे घट्ट मिटले. मयूरीने पहिल्यांदा तिचा रंग पाहिला. गव्हाळ, गालांवर किंचित तांबूस. हा तांबूसपणा असाच असतो का? की आत काही सुरू झालंय? तेवढ्यात बाळ शिंकलं.

कोणी हललं नाही. बाळ पुन्हा शिंकलं, मोठ्यांदा, आणि एक डोळा उघडून चिडून वर पाहिलं. स्वप्नील हसला. रंजनाताई हसता हसता रडायला लागल्या. मयूरी हसली नाही. तिने बाळाच्या पोटरीवर अंगठा दाबला, उचलला, पांढरी पडलेली जागा पुन्हा तांबूस होईपर्यंत पाहिलं. मग दुसऱ्या पोटरीवर दाबला. ऊन भिंतीवरून खाली उतरत अंगणाच्या मध्यावर आलं तरी ती तशीच पाहत उभी होती.